रंगाखालची पायरी

जळगाव जामोदच्या बाहेर, जिनिंगच्या रांगेसमोर त्यांचं पत्र्याचं शेड होतं. वेल्डिंगचं. शेडला बोर्ड नव्हता. त्यांना आम्ही नुसतं मिस्त्री म्हणायचो, आणि पाठीमागे त्यांच्या डोक्याविषयी काय काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही, कारण त्यात माझा वाटा मोठा होता. मी समोरच्याच ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या लिहायला होतो. कोणता माल, कोणत्या गाडीत, कोण ड्रायव्हर, कुठे निघाला, एवढं लिहिलं की माझं काम संपायचं. मिस्त्रींचं काम मात्र कधी संपायचं नाही, कारण ते स्वतःच ते वाढवून ठेवायचे.

ट्रकची शिडी हा त्यांचा विषय. ट्रकच्या बॉडीला मागच्या कोपऱ्यात सात-आठ पायऱ्यांची लोखंडी शिडी असते. कापसाच्या गाठी नाहीतर सरकीची पोती भरली की ड्रायव्हर तिच्यावरून वर जातो, ताडपत्री पसरतो, रस्सी आवळतो आणि उतरतो. मुक्कामाला पोचेपर्यंत चार-पाच वेळा तरी ही चढउतार होते. आपण रस्त्यानं जाताना त्या शिडीकडे ढुंकून बघत नाही. मिस्त्री ट्रककडे बघायला सुरुवातच शिडीपासून करायचे.

नवी शिडी करायची तर ते ड्रायव्हरला बोलवायचे, पँट वर करायला लावायचे आणि खिशातल्या टेपनं टाचेपासून गुडघ्यापर्यंत पाय मोजायचे. एक मोजून झाला की म्हणायचे, "दुसरा दाखव."

"मिस्त्री, दोन्ही सारखेच असतात ना."

"तुले काय माहीत बे? कधी मोजले होते?"

एकदा एका ड्रायव्हरचा डावा पाय खरोखरच बोटभर आखूड निघाला. चाळीस वर्षांत त्याला त्याचा पत्ता नव्हता. पुढचा आठवडाभर तो बिचारा लंगडत चालत होता.

"शिडी गाडीची नसते, मानसाची असते," हे मिस्त्रींचं ठरलेलं वाक्य. आणि शिडी पुरी झाली की ठरलेली अट. तिच्यावर पहिल्यांदा ट्रकचा मालक चढायचा. ड्रायव्हर नाही, क्लीनर नाही. मालक. तो वर जाऊन खाली येईपर्यंत मिस्त्री गाडी शेडबाहेर काढू द्यायचे नाहीत.

"आधी मालक चढन. मंग बाकीची गोठ."

मालक लोकांना हे कसं पटावं? बरेच जण दुसऱ्या वेल्डरकडे जायचे. तिकडे अट नव्हती, टेप नव्हता आणि अर्ध्या तासात काम व्हायचं. मिस्त्रींच्या शेडमध्ये आणखी एक गोष्ट होती जी मालकांना सहन व्हायची नाही. तुटलेल्या पायऱ्या. गेल्या कितीतरी वर्षांत ज्या ज्या पायरीनं माणूस पाडला, ती ती पायरी मागून आणून त्यांनी भिंतीवर तारेत अडकवून ठेवली होती, आणि प्रत्येकीखाली खडूनं लिहिलं होतं. माणसाचं नाव नाही, हाडाचं. टाच. मनगट. खुबा. टाच. माकडहाड. खडू पुसट झाला की पुन्हा गिरवायचे. चहा प्यायला गेलेला माणूस ती भिंत वाचत बसायचा आणि त्याचा चहा गार व्हायचा.

मला वाटायचं, ह्यांच्या घरातलंच कोणीतरी पडलं असणार. भाऊ, मुलगा, कोणीतरी. सगळ्या गावाचा तोच अंदाज होता. शेवटी मी एकदा विचारलं.

त्यांनी डोळ्यावरची काळी काच वर केली. "कोनी नाई पडलं. माहा बाप शेतात मेला म्हातारपनी. भाऊ मास्तर हाय. मी सोता कधी पडलो नाई."

"मग एवढा राग कशाचा?"

"काऊन? घरचं कोनी पडल्यावरच राग याव काय?"

मी उठून आलो. मला तेव्हा हे बोलणं उद्धट वाटलं होतं.

आता आमच्या शेठची गोष्ट. शेठच्या आठ गाड्या होत्या आणि वजन शंभराच्या वर होतं. एका गाडीची शिडी आमच्याच ड्रायव्हरांच्या हट्टामुळे मिस्त्रींकडे गेली. हट्ट धरणारा प्रल्हाद, संग्रामपूरच्या पुढच्या एका खेड्यातला. नऊ वर्षं आमच्या गाडीवर होता, सुपारीसुद्धा खायचा नाही. शिडी झाली, मिस्त्रींनी अट सांगितली, आणि शेठला काय वाटलं कोण जाणे, हसत हसत बूट काढून चढला. वरपर्यंत गेला. टाळ्या झाल्या. मग उतरायची वेळ आली आणि शेठ गाडीकडे पाठ करून उतरायला लागला, जिन्यावरून उतरतात तसा. दुसऱ्या पायरीवर त्याला खालची जमीन दिसली आणि तो जागच्या जागी बसला.

"तोंड गाडीकडे!" मिस्त्री खालून ओरडले. "पाठ नाई, तोंड! हात सोडू नका! आता डावा पाय. डावा म्हन्तो मी! कोन शिकवलं हो तुमाले धंदा करनं?"

अर्धा तास चाललं ते. समोरच्या जिनिंगमधले हमाल काम टाकून आले. कोणीतरी मोबाइलवर काढलं. खाली आल्यावर शेठ घामानं निथळत होता, आणि मिस्त्री त्याला शांतपणे म्हणाले, "तुमचा ड्रायव्हर हे दिवसातून पाच डाव करते. पावसात बी करते."

शेठ ऑफिसात आला, पाणी प्याला आणि मला म्हणाला, "आजपासून आपली एकही गाडी त्या येड्याकडे जाणार नाही. गेली तर तुझी नोकरी गेली." एका माणसाचा अर्ध्या तासाचा पाणउतारा झाला, आणि त्याची भरपाई आठ ड्रायव्हरांनी करायची होती. मला हे तेव्हाही दिसत होतं. मी मान हलवली.

त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत आमच्या गाड्यांचं जे झालं ते सगळ्याच ट्रान्सपोर्टमध्ये होतं, पण म्हणून ते कमी लाजिरवाणं नाही. ताडपत्रीची रस्सी बांधायला बॉडीच्या खालच्या कडेला लोखंडी कड्या असतात. त्या फलाटांना घासून, गतिरोधकांवर आपटून तुटतात. तुटल्या की नव्या बसवाव्या लागतात, आणि शेठ म्हणायचा, नंतर बघू. मग ड्रायव्हर रस्सी कुठे बांधणार? हाताशी असलेल्या शिडीच्या पायरीला. चौथ्या किंवा पाचव्या, जिथे उभ्या माणसाचा जोर नीट लागतो तिथे. वर पाय देऊन, अंग मागे टाकून रस्सी खेचायची. ती पायरी रोज बाहेरच्या बाजूला ओढली जाते, तिचा वेल्डिंगचा टाका रोज थोडा थोडा उकलतो. मिस्त्री रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीला आडवे व्हायचे.

"पाय ठेवाच्या जागी गाठी मारून राह्यला काय बे? उद्या त्याच्यावरच चढशीन ना तू?"

ड्रायव्हर हसून हॉर्न वाजवायचे. प्रल्हाद हसायचा नाही. खाली उतरून, ऐकून घेऊन, "हाव मिस्त्री, चुकलं," म्हणायचा आणि पुन्हा तिथेच बांधायचा. दुसरी जागाच नव्हती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात गाड्या रंगवायचं काम चालायचं. दरवर्षी दसऱ्याला शिडीला नवा रंग. चकचकीत ऑइल पेंट, एका वर्षी पिवळा, एका वर्षी निळा, एका वर्षी लाल. जुना रंग कोणी खरवडत नाही, त्याच्यावरच नवा चढतो. मग हार, हळदकुंकू, नारळ. त्या वर्षी पिवळा होता. पेंटर चहाला गेलेला असताना मिस्त्री आत आले, हातात कानस आणि तारेचा ब्रश. कोणाला काही न विचारता त्यांनी प्रल्हादच्या गाडीच्या शिडीचे सांधे घासायला सुरुवात केली. ओला रंग निघून त्यांच्या कोपरापर्यंत आला.

"मिस्त्री, उद्या पूजा आहे!" मी धावलो.

"पूजा कर. पन रंगाखाली काय हाय ते पाहून कर." चौथ्या पायरीपाशी ते थांबले, थुंकी लावून बोट फिरवलं आणि माझं बोट धरून तिथे टेकवलं. टाक्याच्या कडेनं केसाएवढी रेघ गेली होती. नखाला लागत होती. "तडकली. शेठले सांग. अन् हे पेंटरनं बुजवाच्या आत सांग."

मी सांगितलं. खरंच सांगितलं. शेठ म्हणाला, सणाच्या तोंडावर तो अपशकुनी माणूस आत कसा आला? संध्याकाळी पेंटरनं घासलेल्या जागेवर पुन्हा पिवळा हात मारला. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो. रेघ दिसेनाशी झाली. प्रल्हाद त्या वेळी झेंडूचे हार घेऊन आला आणि मला म्हणाला, "साहेब, गाडी कशी दिसून राह्यली?"

मी म्हणालो, "छान."

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, सरकीची पोती भरलेल्या गाडीवरून प्रल्हाद ताडपत्री लावून उतरत होता. चौथी पायरी एका बाजूनं सुटली आणि तो पाठीवर खाली आला, सिमेंटवर. मला आवाज आला. बाहेर गेलो तर दोन हमाल त्याला हातापायांना धरून उचलायला वाकले होते. रस्त्यापलीकडून मिस्त्री पळत आले, त्या वयात, शेडचं फळकूट काखेत मारून.

"हात नका लावू! वाकवू नका त्याले! मान धर, तू कंबर धर, सगळे एकदम!"

त्या फळीवर त्याला सरळ निजवून जीपमध्ये घातला. आधी खामगाव, मग तिथून अकोला. पुढे अकोल्याचे डॉक्टर म्हणाले की फळीवर आणला म्हणून निदान हात तरी राहिले. पाय राहिले नाहीत.

त्या संध्याकाळी दुसरा एक वेल्डर येऊन चौथी पायरी नवी बसवून गेला. पेंटरनं पिवळा हात मारला. आणि शेठनं मला कागद पुढ्यात घ्यायला सांगितला. "लिही. चालक दारूच्या नशेत असल्यानं तोल जाऊन पडला." माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालं होतं. मी लिहिलं. घरी दीड वर्षाची मुलगी होती, घराचं भाडं होतं, ही कारणं तेव्हा मला पुरेशी वाटली होती. आता ती लिहितानाही शरम वाटते.

सहाव्या दिवशी विम्याचे साहेब चौकशीला आले. शिडी बघितली, हलवून बघितली, पक्की होती. शेठनं चहा मागवला. तेवढ्यात मिस्त्री आले, हातात तीच कानस. साहेबांना नमस्कार केला, परवानगी वगैरे मागितली नाही, आणि तिसऱ्या पायरीवर कानस चालवायला लागले.

"पाहा साहेब. पिवळा. त्याच्याखाली निळा. त्याच्याखाली लाल. मंग पुन्हा पिवळा. सात दसरे हायेत या पायरीवर." मग पाचव्या पायरीवर घासलं. तिच्यावरही सात. मग चौथीवर. पिवळ्या रंगाखाली एकदम चकाकतं कोरं लोखंड. "अन् हिच्यावर फक्त एक. आठवडाभराची पोरगी हाय ही. मंग सात दसऱ्याची जी होती, ती कुठं गेली?"

शेठ म्हणाला, हा वेडा आहे, गावाला विचारा. साहेबांनी गावाला नाही विचारलं, मला विचारलं. "तुम्ही इथले क्लार्क ना? ही पायरी बदलली का?"

मी म्हणालो, "हो. तो पडला त्याच संध्याकाळी. आणि तो प्यायलेला नव्हता. तो कागद माझ्या हातचा आहे, पण खोटा आहे."

मला वाटलं, मी काहीतरी मोठं केलं. नोकरी तर गेलीच, शेठनं साहेबांसमोरच सांगितलं. रस्त्यावर आल्यावर मला वाटलं, आता मिस्त्री पाठीवर हात ठेवतील. ते माझ्यासमोर उभे राहिले, हातावरचा रंगाचा भुगा झटकत.

"सहा दिवस काऊन लागले बे तुले?"

आणि शेडमध्ये निघून गेले.

चौकशीचं पुढे काय झालं ते अजून कळायचं आहे. तारखा पडतात. आमचा शेठ दसऱ्याला हार घालून फोटो काढतो, वर्तमानपत्रात शुभेच्छा देतो, आणि ज्या माणसानं नऊ वर्षं त्याचा माल पोचवला तो खाटेवर कूस बदलायला बायकोला हाक मारतो. हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

प्रल्हादला घरी आणल्यावर त्याची बायको एकदा मिस्त्रींच्या शेडमध्ये आली आणि तिथून तिनं मला बोलावणं धाडलं. तिच्या मोबाइलवर त्या कागदाचा फोटो होता. गावच्या ग्रुपवर फिरला होता.

"हे अक्षर तुमचं हाय ना भाऊ?"

"हो. पण मी नंतर साहेबांना खरं..."

"साहेबाले सांगतलं असन. गावाले कोन सांगतलं? माह्या पोरीले वर्गातले पोरं म्हन्तात, तुहा बाप बेवडा हाय. तुमी लिवलं ना? मंग तुमीच येऊन सांगा."

मिस्त्रींनी मोपेड काढली. मी मागे बसलो. प्रल्हादच्या गावातल्या पारावर बारा-पंधरा माणसं होती. मी उभा राहून सांगितलं की प्रल्हाद प्यायलेला नव्हता, पायरी तुटली होती, कागद खोटा आहे. म्हणजे, पुटपुटलो. लोकांनी माना हलवल्या. एकानं तंबाखू मळता मळता विचारलं, "मंग आधी काऊन लिवलं तसं?" मी पारावरून खाली उतरलो. तिथून समोरच्याच प्रल्हादच्या घरात गेलो.

प्रल्हाद भिंतीकडे तोंड करून पडला होता. मिस्त्रींचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली आणि सगळ्यात आधी त्यांची माफी मागितली. मला हे आजही सहन होत नाही. कंबरेखालचं अंग गेलेला माणूस माफी मागत होता.

"तुमी किती डाव सांगतलं मिस्त्री, पायरीले रस्सी बांधू नको. मी ऐकलं नाई. माहीच चूक. रोज तेच इचार करून राह्यलो, माहीच चूक."

मिस्त्री खाटेच्या कडेला बसले. हात कुठे ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं.

"कड्या होत्या काय तुह्या गाडीले?" ते हळूच म्हणाले.

"नाई."

"मंग कुठं बांधनार होता? माह्या डोक्याले?" त्यांनी नाक पुसलं. "चूक माही झाली. मी तुह्यावर ओरडलो. रस्त्यात थांबून, चार लोकायसमोर ओरडलो. ज्यानं कड्या बसवल्या नाई त्याच्या दारात जाऊन ओरडाले पाह्यजे होतं, दरोज. तुही काई चूक नाई रे. काईच नाई."

प्रल्हाद आढ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी कानात गेलं, ते बायकोनं पदरानं टिपलं. मग त्याची नजर माझ्यावर आली.

"साहेब, गावात सांगतलं म्हने तुमी?"

"हो. आत्ताच, पारावर."

"मले नाई आलं ऐकू. पार समोरच हाय, लोकायचं हसनं मले रोज ऐकू येते. तुमचं नाई आलं." तो थांबला. "दारात उभे राहून सांगा ना पुन्हा. मोठ्यानं."

मी दारात गेलो. पारावरची माणसं अजून तिथेच होती.

"प्रल्हाद प्यायलेला नव्हता!" मी ओरडलो. "पायरी तुटली होती!"

माणसं इकडे वळली. तंबाखू मळणारा उठून उभा राहिला. आणि मग तिसरंही तोंडातून निघालं, जे मी साहेबांना सांगितलं नव्हतं, पारावर सांगितलं नव्हतं आणि प्रल्हादलाही नाही.

"पायरी तडकलेली आहे, हे मला दसऱ्याच्या आधीपासून माहीत होतं!"